खानदेशातील गृहमद्यनिर्मिती

विक्रीसाठी नव्हे, तर घरच्या अथवा समाजाच्या उपयोगासाठी घरच्याच साधनांनी मद्य तयार करणे म्हणजे गृहमद्यनिर्मिती होय. महाराष्ट्रात तिची एक जुनी व ठळक परंपरा सातपुड्याच्या पायथ्याच्या खानदेशी पट्ट्यात, मोहाच्या फुलांपासून काढल्या जाणाऱ्या दारूच्या रूपाने आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही परंपरा महसुलाचा विषय झाली आणि विसाव्या शतकात ती गुन्ह्याचा विषय ठरली. त्याच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत घरी बिअर गाळण्यास कायद्याने मोकळीक मिळाली, आणि पुढे लंडनची जुनी काळी पोर्टर बिअर घरी बनविणारी स्वयंचलित यंत्रेही बाजारात आली. एकाच प्रकारच्या घरगुती व्यवहाराला दोन ठिकाणी दोन भिन्न गती का मिळाल्या, हे खानदेशाच्या इतिहासावरून चांगले स्पष्ट होते.

प्रदेश व साधनसामग्री : जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्याचे नैसर्गिक दृष्ट्या दोन भाग पडतात. दक्षिणेस तापी नदीकाठची काळी, सुपीक जमीन असून ती केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा व जंगल आहे. या जंगलाचा सु. १७५ चौ. किमी. भाग १९६९ मध्ये यावल अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. यावल, रावेर व चोपडा या तालुक्यांच्या डोंगराळ भागात तडवी भिल्ल, भिल्ल व पावरा (बारेला) या जमातींची वस्ती आहे. पश्चिमेस शहादे, तळोदे, अक्राणी व नवापूर या भागांत हाच पट्टा अधिक दाट होत जातो. तडवी हे इस्लामधर्मीय असल्याने मद्याच्या धार्मिक उपयोगासंबंधीचे पुढील विवेचन मुख्यतः भिल्ल व पावरा समाजांना लागू पडते.

या पट्ट्यात मोह (शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया) हा वृक्ष विपुल आहे. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. पांढरट-पिवळसर, मांसल व गोड फुले पहाटेच्या सुमारास जमिनीवर पडतात. ती वेचण्याचे काम स्त्रिया व मुले करतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून किंवा जाळून टाकला जातो. ही आग पसरून वणवे लागतात, अशी वनखात्याची तक्रार जुनी आहे. वाळविलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो, त्यामुळे ती वर्षभर टिकतात. मोहाची फुले हे केवळ मद्याचे साधन नव्हे. ती भाजून, उकडून किंवा पिठात मिसळून खाल्ली जातात, गुरांना चारली जातात आणि दुष्काळात अनेक कुटुंबांना त्यांचाच आधार असे. बियांपासून खाण्याचे व दिव्याचे तेल निघते. त्यामुळे मोहावर घातलेले कोणतेही बंधन मद्यापुरते मर्यादित राहू शकत नाही.

घरगुती पद्धत : वाळलेली फुले मातीच्या रांजणात पाण्यात भिजत घालतात. फुलांवर व भांड्याच्या आतील बाजूस असलेल्या नैसर्गिक यीस्टमुळे (किण्वामुळे) शर्करेचे अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होते. या किण्वनास (आंबण्याच्या प्रक्रियेस) हवामानानुसार काही दिवस ते आठवडाभर लागतो. पूर्वीच्या मिश्रणाचा थोडा गाळ नव्या रांजणात घातल्यास प्रक्रिया लवकर सुरू होते. बुडबुडे थांबले, फुले तळाशी बसली व वास बदलला म्हणजे मिश्रण तयार झाले असे समजतात.

यानंतर ऊर्ध्वपातन (वाफ करून ती थंड करण्याची क्रिया) केले जाते. चुलीवरील मडक्यात आंबलेले मिश्रण ठेवून त्यावर दुसरे भांडे उपडे बसवितात व सांधा ओल्या मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाते आणि तेथे तिचे द्रवात रूपांतर होते. अल्कोहॉलाचा उत्कलनबिंदू सु. ७८° से. म्हणजे पाण्यापेक्षा कमी असल्याने आरंभी येणारा द्रव तीव्र व नंतरचा सौम्य असतो. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीतील वाक्प्रचार यावरूनच आला. जाळ मंद ठेवणे, गार पाणी वेळोवेळी बदलणे आणि धार कोठे तोडावयाची ते ठरविणे यांतच करणाऱ्याचे कसब असते. तापमापक वा घनतामापक यांशिवाय केवळ डोळा, नाक व जीभ यांच्या साहाय्याने हे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे.

सामाजिक स्थान : भिल्ल व पावरा समाजांत मोहाचे मद्य हा विधीचा भाग होता. देवतेपुढे प्रथम जमिनीवर मद्याची धार सोडावयाची व मग उरलेले वाटून घ्यावयाचे, अशी रीत होती. जन्म, विवाह, मृत्यू, पेरणीचा आरंभ, नवसपूर्ती आणि पावरा समाजातील इंदल उत्सव या प्रसंगी ते आवश्यक मानले जाई. सोयरीक ठरल्याची किंवा तंटा मिटल्याची खूण म्हणूनही ते एकत्र प्राशन केले जाई. प्रसंगांचे हे बंधन काही अंशी मद्यपानावरचेही बंधन होते. तथापि त्यावरून जुना काळ निर्दोष होता असा निष्कर्ष काढता येत नाही. अतिरिक्त मद्यपान, त्यातून होणारी भांडणे व स्त्रियांना सोसावा लागणारा जाच हेही या समाजजीवनात होतेच, आणि त्याविरुद्धचा आवाज पुढे याच समाजांतून उठला.

ब्रिटिशपूर्व नियमन : मद्यावर राज्याचे नियंत्रण असणे ही गोष्ट भारतात नवी नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली असून मद्याची निर्मिती व विक्री त्याच्या देखरेखीखाली ठेवली आहे. परंतु त्याच प्रकरणात कुटुंबांना कार्यप्रसंगी घरगुती सुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची, तसेच उत्सव व यात्रा यांच्या वेळी काही दिवस मद्यनिर्मितीची सवलत आहे. म्हणजे राज्याचा हक्क बाजारातील मद्यावर व कुटुंबाचा हक्क घरच्या मद्यावर, असा भेद तेथे मानलेला दिसतो. मराठी राज्याच्या काळात गावोगावच्या कलालांकडून कर घेतला जाई. मात्र डोंगरातील वाड्या-पाड्यांवरच्या चुलीपर्यंत हे नियंत्रण पोहोचत नसे. १८१८ मध्ये खानदेश ब्रिटिशांकडे आल्यानंतरही आरंभी मद्यविक्रीचा मक्ता लिलावाने देण्याची जुनीच पद्धत चालू राहिली.

पोर्टर व मापनाचे युग : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशात जी नवी अबकारी व्यवस्था आली, तिची साधने व तिच्यामागील विचार इंग्लंडमध्ये घडले होते. तेथेही एकेकाळी बिअर हे मुख्यतः घरी, बहुधा स्त्रियांकडून तयार होणारे पेय होते. हा व्यवहार मोठ्या कारखान्याकडे नेण्यात अठराव्या शतकात लंडनमध्ये उदयास आलेल्या पोर्टर या काळसर बिअरचा मोठा वाटा आहे. खरपूस भाजलेल्या माल्टापासून (मोड आणून वाळविलेल्या जवापासून) बनणारी ही बिअर लंडनच्या हमालांना प्रिय होती व त्यांच्यावरूनच तिला पोर्टर हे नाव मिळाले. ती पिंपांत दीर्घकाळ मुरत ठेवावी लागे. त्यामुळे मोठे भांडवल व मोठी पिंपे असलेल्यांनाच ती परवडे. व्हिटब्रेड या कारखान्याने १७८० नंतरच्या दशकात वॉटच्या वाफेच्या एंजिनाचा उपयोग सुरू केला व १७९६ मध्ये त्याचे वार्षिक उत्पादन सु. दोन लाख पिंपांवर गेले. या प्रचंडपणाचा धोका १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दिसून आला. टॉटनम कोर्ट रोडवरील एका कारखान्यातील पोर्टरचे अवाढव्य पिंप फुटून आलेल्या लोंढ्यात आठ जण मृत्युमुखी पडले.

पोर्टरच्या कारखान्यांनी मापनाची साधनेही रूढ केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तापमापक वापरात आला आणि १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन याने शर्करामापकाच्या (द्रवाच्या घनतेवरून त्यातील शर्करेचे प्रमाण सांगणाऱ्या उपकरणाच्या) उपयोगाचे शास्त्र मांडले. फिकट माल्टापासून गडद माल्टापेक्षा अधिक अर्क मिळतो, हे त्यामुळे उघड झाले. १८१७ मध्ये डॅन्यल व्हीलर याने फिरत्या नळकांड्यात माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याचे एकस्व (पेटंट) घेतले. तेव्हापासून पोर्टर ही बहुतांशी फिकट माल्ट व रंग-चवीपुरता थोडा काळा माल्ट यांपासून बनू लागली. तरकाट्याच्या याच तत्त्वावर मद्यार्काची तीव्रता मोजणारे साइक्सचे उपकरण इंग्लंडच्या करखात्याने स्वीकारले. मोजता येणारा माल म्हणजे कर बसविता येणारा माल, हे सूत्र येथे पक्के झाले. ही पोर्टर हिंदुस्थानातही येत असे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या पलटणींसाठी ती पिंपांतून जहाजाने पाठविली जाई. पण खानदेशावर अधिक परिणाम झाला तो या पेयाचा नव्हे, तर त्याच्याबरोबर विकसित झालेल्या मापन व करव्यवस्थेचा.

१८७८ चे दोन कायदे : १८७८ हे वर्ष या इतिहासात निर्णायक ठरले. त्या वर्षी मुंबई अबकारी अधिनियम व भारतीय वन अधिनियम असे दोन स्वतंत्र कायदे झाले. वन अधिनियमाने राखीव जंगलांतील झाडे, फुले व फळे सरकारी नियंत्रणाखाली आणली. अबकारी अधिनियमाने परवान्यावाचून मद्य गाळण्यास मनाई केली. ज्या कुटुंबाचे मद्य मोहाचे झाड व चुलीवरचे मडके या दोहोंनी तयार होत असे, त्याचे झाड वनखात्याच्या व मडके अबकारी खात्याच्या अखत्यारीत गेले.

अबकारी व्यवस्थेची रचना पुढीलप्रमाणे होती : मद्य शक्यतो जिल्ह्याच्या मध्यवर्ती भट्टीतच गाळावयाचे, त्याची तीव्रता उपकरणाने मोजून त्यानुसार कर घ्यावयाचा आणि ते परवानाधारक दुकानांतूनच विकावयाचे. मुंबई इलाख्यात देशी दारूचे २५ अंश व ६० अंश अंडर प्रूफ असे दोन प्रमाण प्रकार रूढ झाले. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याने ही पद्धत कठोरपणे राबविली. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. सरकारचा दावा असा होता की, दारू महाग झाल्याने मद्यपान कमी होईल. प्रत्यक्षात अबकारी हे मुंबई इलाख्याचे जमीनमहसुलाच्या खालोखालचे एक प्रमुख उत्पन्न बनले, आणि उत्पन्न हवे पण मद्यपान नको हा अंतर्विरोध शासनाच्या धोरणात कायमचा शिरला.

डोंगरी भागातील परिणाम आर्थिक होता. पूर्वी वेचलेल्या फुलांवाचून ज्यास काही खर्च नव्हता, तेच मद्य आता रोख पैसे देऊन दुकानातून आणावे लागे. रोख नसल्यास दुकानदार उधारीवर देई. हा दुकानदार पुष्कळदा सावकारही असल्यामुळे उधारीची परिणती जमीन गमावण्यात होई. विधीसाठी घरी मद्य गाळणाऱ्यावर छापा पडे व दंड होई. प्रांतातील सुशिक्षित समाजातूनही या धोरणावर टीका होत होती. जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये दारूच्या दुकानांच्या वाढीस आक्षेप घेतला होता आणि १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने झाली. परंतु या चळवळी नगरांतील होत्या. डोंगरातील प्रतिक्रिया वेगळ्या रूपात प्रकट झाली.

देवीची चळवळ व गुलाम महाराज : १९२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीवर देवीच्या संचाराची एक लाट निर्माण झाली. ती जव्हार, नासिकचा डोंगराळ भाग, डांग व दक्षिण गुजरात या मार्गाने पसरत त्याच वर्षाच्या अखेरीस व १९२३ मध्ये पश्चिम खानदेशात पोहोचली. (१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले होते, पुढे ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले.) अंगात येणाऱ्या व्यक्तींच्या तोंडून देवीच्या आज्ञा सांगितल्या जात : दारू व ताडी पिऊ नका, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदारांकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी दारू सोडली व दुकाने ओस पडली. या आंदोलनाचा इतिहास ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला आहे. त्यांनी हे आंदोलन केवळ धार्मिक सुधारणा न मानता दुकानदार-सावकारांच्या वर्चस्वाविरुद्धचा आदिवासींचा स्वतःचा उठाव मानले आहे. येथे सोडले गेले ते घरचे मद्य कमी व दुकानाचे मद्य अधिक, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

काही वर्षांनी देवीचा जोर ओसरला. पण तो विचार नष्ट झाला नाही. तळोदे भागातील मोरवड येथील गुलाम महाराज यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात आदिवासींना दारू सोडून शुद्धाचरणाची शपथ देण्यास आरंभ केला. परस्परांस ‘आप’ असे आदराने संबोधण्याच्या प्रघातामुळे त्यांचा पंथ ‘आप’ या नावाने ओळखला जातो. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी हे कार्य पुढे चालविले.

दारूबंदी व हातभट्टी : १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर दारूबंदीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला व १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती लागू झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मधील निदेशक तत्त्वाचा तिला आधार होता. या अधिनियमाच्या कलम १२ अन्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे निषिद्ध आहे, आणि त्या कामासाठी साहित्य व भांडी बाळगणे हाही अपराध आहे. सांप्रत हा कायदा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने प्रचलित आहे.

दारूबंदीचा हेतू लोककल्याणाचा होता. परंतु तिच्यामुळे घरचे मडके व धंद्याची भट्टी यांतील भेद पूर्णतः पुसला गेला. छाप्याच्या भीतीने गाळण्याचे काम नदी-नाल्यांच्या आडोशाला गेले व ‘हातभट्टी’ हा शब्द सर्वत्र रूढ झाला. मोहाऐवजी काळा गूळ वापरणे, किण्वन घाईने उरकण्यासाठी नवसागर टाकणे, मातीच्या मडक्याऐवजी पत्र्याची पिंपे वापरणे हे प्रकार या धंद्यात शिरले. सर्वांत घातक प्रकार म्हणजे औद्योगिक मिथेनॉलाची (मिथिल अल्कोहॉलाची) भेसळ. शरीरात त्यापासून फॉर्मिक अम्ल तयार होऊन अंधत्व व मृत्यू ओढवतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात अशा विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मोहाची फुले आंबवून गाळण्याची जुनी घरगुती रीत आणि अशी रसायनमिश्रित दारू यांना एकाच नावाने संबोधणे म्हणूनच दिशाभूल करणारे आहे.

दारूबंदी १९६० नंतरच्या दशकात क्रमाने शिथिल झाली आणि १९७३ च्या नियमांनुसार परवानाधारक देशी दारूची विक्री सुरू झाली. ही देशी दारू साखर कारखान्यांच्या मळीपासून मिळणाऱ्या मद्यार्काची असते. परिणामी मळीपासूनच्या कारखानी दारूस परवाना व मोहापासूनच्या घरगुती दारूस बंदी, अशी स्थिती निर्माण झाली.

शहादे येथील स्त्रियांचे आंदोलन : १९७२ च्या दुष्काळात धुळे जिल्ह्यातील शहादे भागात (हा भाग १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे) भूमिहीन आदिवासींची श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे प्रमुख नेते होते. मजुरी व बळकावलेल्या जमिनी हे तिचे मूळ प्रश्न. पण स्त्रियांच्या शिबिरांत पुढे आलेला प्रश्न दारूचा व दारू पिऊन होणाऱ्या मारहाणीचा होता. १९७३ च्या सुमारास स्त्रियांचे जथे गावोगाव फिरले, त्यांनी दारूचे अड्डे उधळले व दारूची मडकी फोडली. नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध गावापुढे जाब विचारण्याचे धैर्य अनेकींना या आंदोलनातून आले. महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात यास महत्त्वाचे स्थान आहे. मडके फोडण्याचा हा निर्णय अबकारी शिपायाचा नव्हता. ज्या घरात ते होते त्या घरच्या स्त्रियांचा होता. परंपरेच्या नावाने घरगुती मद्याचे सरसकट समर्थन करणाऱ्यांना या घटनेकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

घरी परतलेली पोर्टर : खानदेशात मडके गुन्ह्याच्या कक्षेत राहिले त्या काळात पाश्चात्त्य देशांत उलट प्रवाह सुरू झाला. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बिअर करणाऱ्यासही परवाना आवश्यक होता; तो १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९७८ मध्ये संमत झालेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून अंमलात येऊन एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन व एकाहून अधिक प्रौढ असलेल्या कुटुंबास २०० गॅलनपर्यंत बिअर, विक्री न करण्याच्या अटीवर, करमुक्त करता येऊ लागली. ही मोकळीक आंबविलेल्या पेयापुरती आहे. ऊर्ध्वपातनास दोन्ही देशांत परवाना लागतोच. न्यूझीलंडने मात्र १९९६ मध्ये घरगुती ऊर्ध्वपातनासही मुभा दिली.

या छंदातून एकविसाव्या शतकात स्वयंचलित यंत्रे निघाली. जर्मनीचे ब्राउमाइस्टर व न्यूझीलंडचे ग्रेनफादर ही त्यांची परिचित उदाहरणे होत. अशा यंत्रात पोलादी भांडे, विजेचा तापक, पंप, धान्यासाठी जाळीची टोपली व तापमान नियंत्रक असतो. सु. २० लि. पोर्टरसाठी साधारणतः ५ किग्रॅ. भरडलेला माल्ट लागतो. त्यात बहुतांश फिकट व काही शेकडा गडद भाजलेला माल्ट असतो. ६६°–६८° से. तापमानाचे पाणी पंपाने तासभर धान्यातून फिरविले जाते. या तापमानास माल्टातील एंझाइमे (जीवरासायनिक विक्रियांत मदत करणारी प्रथिने) पिष्ठाचे शर्करेत रूपांतर करतात. मग टोपली उचलून रस निथळतात व हॉप ही कडवट फुले घालून तो तासभर उकळतात. नंतर तो सु. २०° से.पर्यंत थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. एक-दोन आठवड्यांत विशिष्ट गुरुत्व सु. १·०५० वरून १·०१२ पर्यंत उतरते, म्हणजेच बिअरमध्ये सु. ५ टक्के अल्कोहॉल तयार होते. एकेकाळी ज्या तापमापक व शर्करामापकाने मद्यनिर्मिती घराबाहेर कारखान्यात नेली, तीच मापनपद्धती नियंत्रकाच्या रूपाने तिला पुन्हा स्वयंपाकघरात घेऊन आली.

तांत्रिक दृष्ट्या मोहाचा रांजण व हे यंत्र यांत तत्त्वाचा भेद नाही. दोहोंत शर्करेचे किण्वनच होते. मात्र जव, हॉप व यंत्र हे सर्व बाहेरून आणावे लागते. शिवाय पोर्टरच्या यीस्टाला सु. २०° से. तापमान मानवते. जळगाव परिसरात उन्हाळ्यात पारा ४५° से.पर्यंत चढत असल्यामुळे तेथे किण्वनपात्र थंड ठेवण्याची वेगळी सोय लागेल. मोहाचे किण्वन मात्र त्या प्रदेशातील झाड, माती व उष्मा यांच्याशीच जुळलेले आहे. कायद्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात दोघांची स्थिती सारखीच आहे : परवान्यावाचून यंत्राने केलेली बिअर व मडक्यातील मोहाची दारू दोन्ही निषिद्ध होत. व्यवहारात मात्र छाप्याची झळ मडक्यास लागते. परवाना घेऊन बिअर तयार करून तेथेच विकणाऱ्या लघुउद्योगांना राज्यात वाव मिळाला आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेले डूलाली हे त्यांतील आरंभीचे होय. मडक्याला असा परवाना मिळण्याची वाट अजून निघालेली नाही.

सद्यःस्थिती : यावल, रावेर व चोपडा तालुक्यांतील काही गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात समाविष्ट आहेत आणि यावल येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने (पेसा) मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार, तसेच गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायतींना देण्याचे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राचे यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये झाले. मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील राज्यातील जुने निर्बंध २०२१ मध्ये शिथिल करण्यात आले. त्यामुळे मोहाचे लाडू, सरबत, जॅम इ. खाद्यपदार्थांचा मार्ग मोकळा झाला. शेजारच्या मध्य प्रदेशाने आदिवासी बचतगटांनी केलेल्या मोहाच्या मद्यास ‘हेरिटेज’ मद्य म्हणून परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आहे.

खानदेशातील गृहमद्यनिर्मितीचा इतिहास हा दारूच्या गुणदोषांचा इतिहास नाही. अबकारीने मडके घेतले ते महसुलासाठी, दारूबंदीने घेतले ते नीतीसाठी. दोन्ही वेळा ज्यांचे ते होते त्यांस विचारले गेले नाही. याउलट देवीच्या चळवळीत, गुलाम महाराजांच्या पंथात आणि शहाद्याच्या आंदोलनात तेथील लोकांनी स्वतःच ते खाली ठेवले अथवा फोडले. निर्णय ज्यांच्या जीवनाशी निगडित आहे, त्यांनीच तो घेतला तर तो मनापासून पाळला जातो, हा या दीडशे वर्षांच्या अनुभवाचा अर्थ होय. पेसा कायद्याने ग्रामसभेस दिलेल्या अधिकाराची कसोटी पुढील काळात याच प्रश्नावर लागणार आहे.